वजा आणि उणे

मंगळवार बाजारात, गंजक्या पान्यांच्या ढिगाशेजारी
तो पालथा पडला होता.
दोनशे म्हणाला, एकशेवीसला दिला.
चार पेन्सिल सेल घातले तसा उठला
आणि मेमरी पुसली गेली आहे, एवढंच बोलला,
जसं दवाखान्यातून घरी आणलेलं माणूस
आधी आपलं काय काढलं ते सांगतं.

पाठीवर कंपासच्या टोकानं कुणीतरी नाव कोरलेलं,
आडनावापाशी टोक मोडलं असावं.
माहितीपुस्तक नव्हतं.
विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
मी एकेक कळ दाबून बघत गेले,
नव्या पाहुण्यांच्या घरी दिव्याची बटणं बघतात तशी.

आधी आलेख सापडला.
साइनची रेघ डावीकडून निघाली,
ठिपका, ठिपका, उन्हातल्या म्हशीच्या चालीनं.
नान्ना मागून ओरडले;
बत्तीस वर्षं मागाजवळ काढलेला माणूस हळू बोलत नाही.
"बाणा भरतोय की गं हा!
टॉवेलच्या काठाला चालंल नक्षी. पण ताणा कुठाय?"
मी एक्सचा अक्ष दाखवला.
"एका दोऱ्याचा ताणा नसतो," म्हणाले,
आणि चहा मागितला.

मग प्रोग्रॅम.
नाव आठ अक्षरांत बसवायचं होतं,
चारातच बसलं: ए, एम, एम, ए.
विड्या किती, विचार.
छाट किती, विचार.
पहिलीतून दुसरी काढ, हजारी दरानं गुण,
हजारानं भाग,
दाखव.

एन्टर.
चूक, म्हणाला, आणि दोनच वाटा दिल्या:
एक, बाहेर पड.
दोन, चुकलंस तिथं जा.
इतकं सरळ मला शाळेत कुणी विचारलं नव्हतं.

दोन दाबलं.
विड्या आणि छाट यांच्या मधल्या रेघेवर
कर्सर लुकलुकत राहिला.
रेघ तर होती. रेघच हवी होती.
तास गेला, पाचव्या दिवशीचं पाणी येऊन गेलं,
शेजारच्या कोंडाबाईनं माझी घागर भरून ठेवली
आणि शिव्याही दिल्या.
मग पडद्याला नाक लावून बघितलं तर
ही रेघ किंचित आखूड, जराशी वर उचललेली.
खालची कळ उण्याची, उजवीकडची वजाची.
मला आजवर दोन्ही एकच वाटत आल्या होत्या.

वजा म्हणजे होतं त्यातून काढलं.
उणे म्हणजे आधीपासूनच.
कारखान्यात ज्या पंच्याऐंशी विड्या बाजूला सारतात
त्या वजा.
आणि अम्माची मान, जी आता उजवीकडे वळत नाही,
ती कुठल्या कळीनं लिहायची
हे मी त्या दिवशी सोडून दिलं.

रेघ बदलली. चाललं.
अम्माला हाक मारली. तिनं पदराला हात पुसला, तरी
तंबाखूचा वास कळांना लागला तो लागलाच.
हजार.
पंच्याऐंशी.
१४६.४
"वरचे चाळीस पैसे कोण देतंय?"
म्हणाली, आणि इतकी हसली
की मांडीवरचं सूप कलंडलं.

मग मला न विचारता, स्वतःच, पुन्हा एन्टर.
हजार.
छाटीच्या प्रश्नापाशी बोट जरा थांबलं.
शून्य.

१६०

मी म्हटलं, अम्मा, हे खरं नाही, तू घातलंस म्हणून आलंय.
"मग? खोटं तरी कुठं म्हटलं मी," म्हणाली,
आणि बघत राहिली.
सेल वाचवायला तो थोड्या वेळानं आपणहून मिटतो,
तसा मिटला. ती उठली,
फडक्यात भिजवलेली पानं घेऊन
कातरायला बसली.

रात्री निजानीज झाल्यावर ऑन दाबलं.
एकशेसाठ तसेच होते, उजव्या कडेला,
जिथं तो उत्तरं लावतो.
आणि खाली, त्याच कडेला,
त्याचा नेहमीचा एक शब्द: झालं.